हसणारा सर्जन आणि आवळलेला पट्टा



या व्याख्यानमालेचं आमंत्रण आलं तेव्हा संयोजकांना वाटत होतं, निवृत्त फौजी आहेत म्हणजे एखाद्या लढाईवर बोलतील. नकाशा असेल, त्यावर लाल-निळे बाण असतील, कोणती तुकडी कुठून चढली ते सांगतील. मी म्हटलं, मला एका कॅप्टनवर बोलायचंय. त्याने हातात पिस्तूल धरायला नकार दिला. सॅल्यूट शक्यतो टाळला. गणवेशाऐवजी बाथरोब घालून तळावर फिरला. आणि मुख्य म्हणजे तो कधी जन्मालाच आला नाही, कारण तो टीव्ही मालिकेतला आहे. पलीकडे थोडी शांतता पसरली. मग ते म्हणाले, "ठीक आहे सर, बोला."

तर आज मी बोलणार आहे कॅप्टन बेंजामिन फ्रँकलिन पियर्स याच्याबद्दल. जग त्याला 'हॉकआय' म्हणून ओळखतं. मालिकेचं नाव 'मॅश'.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅश म्हणजे मोबाइल आर्मी सर्जिकल हॉस्पिटल, आघाडीच्या मागोमाग फिरणारं, तंबूतलं शस्त्रक्रिया रुग्णालय. काळ कोरियाच्या युद्धाचा, म्हणजे जून १९५० ते जुलै १९५३. हॉकआय हा अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या क्रॅबॲपल कोव्ह या छोट्या गावचा सर्जन. तिथे त्याचे वडीलही डॉक्टर. लष्कराला डॉक्टर कमी पडले, तेव्हा सक्तीच्या भरतीत याला उचलून कोरियात आणून टाकलं. फौजेत यायची त्याची इच्छा नव्हती आणि एकदा आल्यावर ते लपवायचीही त्याची इच्छा नव्हती.

ही मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९७२ मध्ये सुरू झाली आणि २८ फेब्रुवारी १९८३ रोजी संपली. युद्ध तीन वर्षांचं, मालिका अकरा वर्षांची. शेवटचा अडीच तासांचा भाग अमेरिकेत दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. हॉकआयची भूमिका अ‍ॅलन आल्डा या नटाने केली. अभिनय, लेखन आणि दिग्दर्शन या तिन्हींसाठी त्याला याच मालिकेसाठी एमी पुरस्कार मिळाले.

मुळात हे पात्र आलं एका कादंबरीतून. १९६८ मध्ये रिचर्ड हूकर या टोपणनावाने ती प्रसिद्ध झाली. लेखक होते डॉ. रिचर्ड हॉर्नबर्गर, स्वतः सर्जन, कोरियात अशाच एका रुग्णालयात काम केलेले. १९७० मध्ये रॉबर्ट आल्टमन यांनी त्यावर चित्रपट काढला, त्यात डोनाल्ड सदरलंड हॉकआय होता. त्यानंतर मालिका आली. गंमत अशी, की हॉर्नबर्गर यांना टीव्हीवरचा हॉकआय फारसा रुचला नव्हता. त्यांच्या मते तो जरा जास्तच युद्धविरोधी झाला होता.

मी ही मालिका पाहिली ती निवृत्तीच्या जरा आधी. मुलीने डीव्हीडीचा संच आणून दिला आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला राग येईल, पण बघा." पहिले चार-पाच भाग खरंच राग आला. हा कसला अधिकारी? केस वाढलेले, तंबूत दारूची भट्टी लावलेली, कमांडिंग ऑफिसरला उलट उत्तरं देतोय. माझ्या पलटणीत असता तर पहिल्याच आठवड्यात ॲडज्युटंटने त्याला समोर उभं केलं असतं.

मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. त्या काळातल्या अमेरिकी विनोदी मालिकांमध्ये पार्श्वभूमीला हशा वाजवायची पद्धत होती. पात्राने टोमणा मारला की न दिसणारे लोक हसतात. 'मॅश'च्या निर्मात्यांना तो हशा नको होता, पण वाहिनीने आग्रह धरला. शेवटी तडजोड झाली. तंबूत, मेसमध्ये, ऑफिसात हशा वाजेल, ऑपरेशन थिएटरमध्ये वाजणार नाही. थिएटरमधल्या प्रसंगांत हॉकआय बोलत असतो, कोट्या करत असतो, पण मागे कोणीही हसत नाही. फक्त उपकरणांचा आवाज, आणि "क्लॅम्प", "स्पंज", "पुढचा पेशंट".

मित्रहो, त्या शांततेत मला तो अधिकारी दिसला.

कारण थिएटरमध्ये हॉकआयइतका शिस्तीचा माणूस तळावर दुसरा नाही. तिथे तो थकल्याची तक्रार करून हात सोडून बसत नाही. समोर आपला जवान आहे, शत्रूचा आहे की गावातली म्हातारी आहे, हे तो बघत नाही. कोणाला आधी घ्यायचं हे जखमेवर ठरतं. आता त्याच तंबूत राहणारा मेजर फ्रँक बर्न्स बघा. बूट चकाचक, सॅल्यूट कडक, नियमांचं पुस्तक पाठ. आणि हातात सुरी आली की पेशंटच्या जिवाला धोका. मी पस्तीसेक वर्षं गणवेशात काढली. या दोन प्रकारची माणसं मी खूप पाहिली. कवायतीच्या मैदानावरची शिस्त हवीच, ती मी कमी लेखत नाही. पण ती कशासाठी असते? वेळ आली की हात थरथरू नये म्हणून. ज्याचा हात वेळेला थरथरत नाही, त्याचा मूळ धडा पक्का आहे.

आता त्याच्या विनोदाकडे येऊ. हॉकआय कशावर हसतो?

एक तर तो व्यवस्थेवर हसतो. एका भागात रुग्णालयाला जीवाणू-तपासणीसाठी इनक्युबेटर हवा असतो. हॉकआय आणि त्याचा मित्र ट्रॅपर जॉन एका स्टोअरच्या अधिकाऱ्याकडे जातात. त्याच्याकडे तीन इनक्युबेटर पडून आहेत, तरी तो एकही देत नाही. कारण काय, तर एक दिला तर त्याच्याकडे दोनच राहतील! हे ऐकून मी सोफ्यावरून पडायचा बाकी होतो. इथे कोणी माजी सैनिक ऐकत असतील तर त्यांना वेगळं सांगायला नको. आपण आठ नंबरचे बूट मागावेत, सहा नंबरचे यावेत, आणि वर विचारणा व्हावी की आलेले बूट वापरले का जात नाहीत. सगळ्या जगातल्या फौजांची स्टोअर्स एकाच गुरूची चेली असावीत.

दुसरा एक भाग आहे कॅप्टन टटलचा. अनाथालयाला सामान पाठवायचं असतं, तर हॉकआय कागदावर एक अधिकारीच तयार करतो. टटल अस्तित्वात नाही, पण त्याच्या नावाने कागद फिरतात, पगार निघतो, तो अनाथालयाला जातो. हळूहळू सगळ्यांना वाटायला लागतं, आपण टटलला भेटलोय, भला माणूस आहे. एका जनरलला त्याला पदक द्यायचं असतं. मग मात्र हॉकआयला टटलला मारावं लागतं: हेलिकॉप्टरमधून उडी मारली, पॅराशूट विसरला. कागद खरा आणि माणूस खोटा, ही गंमत आहे. आणि त्याच्या पोटात एक कडू गोष्ट आहे, की त्या तंबूत रोज येणारी खरी माणसं वरच्या कार्यालयात मात्र नुसता आकडा होतात.

कोणी म्हणेल, ही अमेरिकेची गोष्ट, अमेरिकेचं युद्ध. आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्याला फारसा माहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

कोरियाच्या युद्धात भारताने लढणारं सैन्य पाठवलं नाही, वैद्यकीय तुकडी पाठवली. ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स. कमांडर होते लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज, स्वतः डॉक्टर आणि भारतीय फौजेतल्या अगदी पहिल्या छत्रीधारी सैनिकांपैकी एक. ही तुकडी नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात उतरली. महिना होतो न होतो तोच चिनी सैन्य खाली सरकलं आणि माघारीचा हुकूम आला. सामान न्यायला वाहनं नाहीत. सामान म्हणजे शस्त्रक्रियेची उपकरणं आणि औषधं, ती टाकली तर तुकडी असून नसल्यासारखी. या लोकांनी एक सोडून दिलेलं वाफेचं इंजिन शोधलं, ते पेटवलं, डब्यांत सामान भरलं आणि स्वतः गाडी चालवत दक्षिणेकडे आणली. मार्च १९५१ मध्ये याच तुकडीतली बारा माणसं अमेरिकी छत्रीधारी सैन्याबरोबर मुनसानी इथे विमानातून उतरली आणि जमिनीवर पोहोचताच जखमींवर उपचार करू लागली. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. तुकडी १९५४ च्या सुरुवातीपर्यंत तिथे होती.

आणि एक मराठी दुवा. युद्धविराम झाल्यावर मायदेशी परतायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांना सांभाळायची नाजूक जबाबदारी भारतावर आली. त्यासाठी जी कस्टोडियन फोर्स कोरियात गेली, तिचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे थोरात साहेब. म्हणजे हॉकआय ज्या थंडीत, ज्या चिखलात कुरकुरत होता असं मालिका दाखवते, त्याच देशात त्याच काळात आपले डॉक्टर आणि जवान खरोखर उभे होते.

खऱ्या मॅश रुग्णालयांनी काय साधलं तेही सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी रुग्णालयात पोहोचलेल्या जखमींपैकी सुमारे साडेचार टक्के दगावत. कोरियात हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास आलं. हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंना स्ट्रेचर बांधून जखमी आणले जाऊ लागले. आधी हातापायाची मोठी रक्तवाहिनी तुटली की ती बांधून टाकत, आणि जवळपास निम्म्या वेळा तो अवयव कापावा लागे. कोरियात तरुण सर्जननी आघाडीजवळच रक्तवाहिन्या शिवायला सुरुवात केली आणि हे प्रमाण तेरा टक्क्यांच्या आसपास उतरलं. पडद्यावरच्या त्या वात्रट डॉक्टरच्या मागे हे खरं काम उभं आहे. मालिकेच्या लेखकांनी कोरियात राबलेल्या डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या होत्या, आणि अनेक प्रसंग त्यांतून आले.

आता मी माझ्या मुद्द्यावर येतो. प्राथमिक उपचाराच्या वर्गात प्रत्येक जवानाला टूर्निकेट शिकवतात. हातापायातून रक्त धो धो वाहत असेल तर जखमेच्या वरच्या बाजूला पट्टा बांधायचा आणि रक्त थांबेपर्यंत आवळायचा. याने जीव वाचतो. पण पट्ट्याखालच्या भागाला रक्तच मिळत नाही. तो तासन् तास तसाच राहिला तर जीव वाचतो आणि पाय जातो. म्हणून दोन गोष्टी घोकून घेतात. एक, पट्टा कधी बांधला ती वेळ लिहायची, कागद नसेल तर जखमीच्या कपाळावर लिहायची. दोन, पट्टा आपण सोडायचा नाही. माणसाला लवकरात लवकर डॉक्टरपर्यंत पोहोचवायचं, सोडायचं काम त्यांचं.

हॉकआयचा विनोद हा असा पट्टा आहे. माझं आजचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

विनोदाचा हा पट्टा बांधताना मी प्रत्यक्ष पाहिलाय. नव्वदच्या दशकात नियंत्रण रेषेजवळच्या एका ठाण्यावर आमचे एक आरएमओ होते, पलटणीचे डॉक्टर. वय सत्तावीस-अठ्ठावीस. साताऱ्याकडचा एक जवान तोफगोळ्याची कपची लागून आला. पोटरी फाटलेली. पोरगा रडत नव्हता, एकच विचारत होता, "साहेब, पाय जाईल का?" डॉक्टर हात चालवता चालवता म्हणाले, "पाय कुठे जातोय रे? पण कंपनीच्या फुटबॉल टीममधून तुला काढायला आता कारण सापडलं. आजवर बिचाऱ्यांना खरं कारण सांगायला लाज वाटत होती." स्ट्रेचरवरचा पोरगा हसला. स्ट्रेचर धरणारे दोघे हसले. त्या हसण्यात त्याचा श्वास जागेवर आला आणि डॉक्टरांना पट्टी नीट बांधता आली. पाय वाचला. पुढे तो फुटबॉलही खेळला, आणि डॉक्टरांचं निदान बरोबर होतं, खेळ खरंच यथातथाच होता.

हा विनोदाचा पहिला उपयोग. त्याने समोरच्याची भीती थांबते आणि बोलणाऱ्याचा हात स्थिर राहतो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. त्या दिवशी आणखी एक जवान आला होता, आणि तो वाचला नाही. रात्री मेसमध्ये डॉक्टरांनी नेहमीपेक्षा जास्त किस्से सांगितले. आम्ही सगळे पोट धरून हसलो. जेवण झाल्यावर मी बाहेर आलो तर पाण्याच्या टाकीपाशी डॉक्टर हात धूत होते. स्वच्छ हात, पुन्हा पुन्हा. आमचे सुभेदार मेजर साहेब दोन मग चहा घेऊन तिथे आले. एक मग डॉक्टरांच्या हातात दिला आणि शेजारी दगडावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "साहेब, घरून पत्र आलं का?" एवढंच. डॉक्टर खाली बसले आणि बोलायला लागले. मी तिथून निघून गेलो, कारण ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुभेदार मेजर साहेब सीओ साहेबांकडे गेले आणि म्हणाले, डॉक्टर साहेबांना चार दिवस खाली पाठवा, बदली डॉक्टर मागवा. सीओ साहेबांनी पाठवलं.

त्या जुन्या माणसाने काय केलं ते बघा. आम्ही अधिकारी विनोदावर हसत होतो. ते मात्र घड्याळाकडे बघत होते. पट्टा कधी बांधला गेला, हे त्यांनी टिपून ठेवलं होतं.

'मॅश' मालिकेचं मोठेपण मला इथे वाटतं. तिने पट्टा बांधलेला दाखवला आणि तो फार वेळ राहिला तर काय होतं तेही दाखवलं.

पहिल्याच वर्षी, १९७३ मध्ये, एक भाग आला. हॉकआयचा बालपणीचा मित्र टॉमी सैनिक म्हणून आघाडीवर असतो, पुस्तक लिहीत असतो. तो जखमी होऊन हॉकआयच्याच टेबलावर येतो आणि तिथेच जातो. हॉकआय रडतो. रोज मुलं मरताना पाहूनही आजवर रडू आलं नव्हतं, आजच का आलं, हे त्याला कळत नाही. त्याचा कमांडिंग ऑफिसर हेन्री ब्लेक त्याला जे सांगतो त्याचा आशय असा: युद्धात तरुण पोरं मरतात हा पहिला नियम, आणि डॉक्टर तो नियम बदलू शकत नाहीत हा दुसरा. त्याच भागात वय लपवून भरती झालेला एक कोवळा पोरगा असतो. आधी हॉकआयने त्याचं गुपित राखलेलं असतं. टॉमी गेल्यावर तो सरळ लष्करी पोलिसांना सांगतो आणि त्या पोराला घरी पाठवतो. पोरगा म्हणतो, मी तुला आयुष्यभर क्षमा करणार नाही. हॉकआयला ते चालतं, कारण त्यासाठी पोराला आयुष्य मिळायला हवं.

मग मार्च १९७५. हेन्री ब्लेकची सेवा संपते, तो घरी निघतो, सगळे हसून-रडून निरोप देतात. शेवटी ऑपरेशन थिएटरमध्ये रडार नावाचा कारकून तार घेऊन आत येतो: हेन्रीचं विमान समुद्रावर पाडलं गेलं, कोणी वाचलं नाही. कोणी ओरडत नाही. मास्कमागे डोळे भरलेले आणि हात चालू, कारण टेबलावर पेशंट आहे. हे पान बहुतेक नटांना चित्रीकरणाच्या अगदी आधीपर्यंत दाखवलं नव्हतं. विनोदी मालिकेत असं कोणी करतं का, म्हणून हजारो प्रेक्षक चिडले. पण युद्धात घरी निघालेला माणूस पोहोचेलच असं नसतं. ज्या घरांत तार आली आहे, त्यांना हे सांगायला लागत नाही.

आणि शेवटचा भाग. त्याच्या सुरुवातीला हॉकआय मनोरुग्णालयात आहे. तोंडाने कोट्या चालूच. डॉक्टर सिडनी फ्रीडमन हा मानसोपचारतज्ज्ञ त्याच्याशी शांतपणे बोलतोय. हॉकआय एका बसप्रवासाची गोष्ट सांगतो. बसमध्ये निर्वासित आहेत, शत्रूची गस्त जवळ आहे, एक आवाज झाला तरी सगळे मरतील. मागे एका बाईच्या मांडीवर कोंबडी ओरडत होती. हॉकआय तिच्यावर खेकसला, गप्प कर तिला. बाईने कोंबडीचा गळा दाबला. सिडनी पुन्हा पुन्हा त्या बसमध्ये त्याला परत नेतो. शेवटी हॉकआयच्या मनाने झाकून ठेवलेलं बाहेर येतं. कोंबडी नव्हती. तिचं स्वतःचं बाळ होतं.

अकरा वर्षं ज्याने सगळ्यांना हसवलं, त्याच्या कपाळावर कोणीतरी वेळ लिहून ठेवायला हवी होती.

इथे एक तारीख लक्षात घ्या. युद्धाच्या आघातानंतरच्या या मानसिक विकाराला, ज्याला आज पीटीएसडी म्हणतात, अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथात जागा मिळाली १९८० मध्ये. तोवर कोणी त्याला थकवा म्हणायचं, कोणी भित्रेपणा. ही मालिका त्याच वर्षांत कोट्यवधी घरांत, विनोदाच्या रूपाने, ती गोष्ट सांगत होती.

दोन गोष्टी मला या पात्राबद्दल खटकतात. पहिली, सुरुवातीच्या वर्षांत हॉकआय नर्सेसच्या मागे ज्या तऱ्हेने लागतो आणि मालिका ज्या तऱ्हेने त्यावर हसते, ते आज बघवत नाही. फौजेतल्या नर्सिंग ऑफिसर्सबरोबर मी काम केलंय. त्यांच्यावरच्या अशा विनोदाला मी मेसमध्ये जागा दिली नसती. मालिकाही पुढे सुधारली. आधी थट्टेचा विषय असलेली हेड नर्स मार्गारेट हुलिहान नंतर एक कर्तबगार, एकाकी, आदर वाटावा अशी अधिकारी होत जाते. दुसरी गोष्ट, तंबूतली ती दारूची भट्टी. ती गंमत म्हणून दाखवली आहे, पण दारू हाही एक आवळलेला पट्टाच. मेसमधला सगळ्यात हसरा माणूस आणि सगळ्यात शेवटी उठणारा माणूस पुष्कळदा एकच असतो, हे प्रत्येक जुन्या अधिकाऱ्याला ठाऊक आहे.

मग चांगला अधिकारी अशा माणसाशी कसं वागतो? त्याचंही उत्तर मालिकेत आहे. हेन्रीनंतर येणारा कर्नल शर्मन पॉटर. जुना घोडदळवाला, पहिल्या महायुद्धापासूनचा, हाडाचा फौजी आणि स्वतः सर्जन. सगळ्यांना वाटतं, आता हॉकआयची खैर नाही. पण पॉटर त्याच्या बाथरोबवरून रण पेटवत नाही. कुठे सोडायचं आणि कुठे धरायचं हे त्याला कळतं. काम चोख असेल तर थट्टेला वाव. आणि थट्टेमागे काही दुखतंय असं वाटलं, तर ऑफिसात बोलवून, दार लावून, सरळ प्रश्न. मला शेवटच्या भागातला एक क्षण फार आवडतो. पॉटर घोड्यावर बसून निघतो, तेव्हा हॉकआय आणि त्याचा मित्र बी. जे. ताठ उभे राहून त्याला कडक सॅल्यूट करतात. अकरा वर्षं टाळलेला सॅल्यूट. तो पदाला नव्हता, त्या माणसाला होता.

मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेक जण फौजेत नाहीत. पण सरकारी रुग्णालयातली रात्रपाळी, पोलीस ठाणं, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, स्मशानभूमीचा कर्मचारी, इतकंच काय, घरात वर्षानुवर्षं आजारी माणसाचं करणारी बाई, या सगळ्यांकडे असा विनोद असतो. बाहेरच्याला तो क्रूर वाटतो. त्यांना लगेच 'हे काय बोलणं झालं' असं म्हणू नका. त्या क्षणी तो पट्टा आवश्यक असतो. तो ओढून काढायला जाऊ नका.

फक्त घड्याळाकडे बघा. रजेवर आलेला मुलगा चार दिवस सगळ्यांना हसवतोय, पण रात्री झोपत नाही. कोविडच्या काळात वॉर्डात राबलेली सून त्या दिवसांबद्दल फक्त गमतीच सांगते, बाकी काही सांगत नाही. निवृत्त झालेले काका प्रत्येक लग्नात हशा पिकवतात आणि घरी आले की दार लावून बसतात. अशा वेळी चहाचा कप घेऊन शेजारी बसा. उपदेश नको, चौकशीची फैर नको. "घरून पत्र आलं का," एवढा साधा प्रश्न पुरतो.

आणि पट्टा सोडायचं काम आपलं नाही, हेही लक्षात ठेवा. त्याला डॉक्टर आहेत. ताप आला की जातो तसं मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. तुम्ही चेन्नईत असा, भोपाळमध्ये असा किंवा गुवाहाटीत असा, हा क्रमांक एकच. लिहून ठेवा. माजी सैनिकांनी तर नक्कीच लिहून ठेवा, आपण मदत मागायला फार उशीर करतो.

'मॅश' पहायची असेल तर सगळे अडीचशे भाग बघायची गरज नाही. टॉमीचा भाग बघा, टटलचा बघा, हेन्रीच्या निरोपाचा बघा आणि शेवटचा बघा. शक्य असेल तर हशा बंद करून बघा. इंग्लंडमध्ये बीबीसीने ती तशीच दाखवली होती, हशाशिवाय. मागे हसणारे लोक नसले की हॉकआय काय बोलतोय ते नीट ऐकू येतं.